घरची बाग तिसऱ्या-चौथ्या पिढीत चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची बाग कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्यापासून थोडी आत. सहा एकर तेरा गुंठे. आजोबांनी लावलेले हापूस सत्तर, पायरी आणि रायवळ (बियांपासून आलेले गावठी आंबे) मिळून तीसेक, काजू दोनशेवीस, फणस नऊ, आणि ओढ्याकाठची कोकमं, ती कुणीच लावलेली नाहीत. आजोबांनी बाग लावली, वडिलांनी आणि काकांनी वाढवली, आणि माझ्याकडे ती "तू गावातच आहेस की" एवढ्या एका कारणाने आली. गणपतीला पुण्या-मुंबईचे, बेंगळुरूचे सगळे जमले की जेवणं आटोपल्यावर पडवीत बैठक बसते आणि दरवर्षी तेच प्रश्न निघतात. आता शेजारच्या गावांतूनही फोन येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

आता गरम हवेतही सफरचंद येतं म्हणे. आपण लावूया की?

हा प्रश्न हल्ली हापूसच्या भावापेक्षा जास्त विचारला जातो, म्हणून पहिला घेतो.

सफरचंदाच्या जुन्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी साधारण हजार तास लागते. ती मिळाली नाही तर डोळे नीट फुटत नाहीत, फुलं मागेपुढे येतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, आणि आमच्या थंडीचं कौतुक आम्हीच फार करतो. पण डिसेंबरातली आमची पहाट बारा-चौदा अंशांची असते. सात अंशांची एखादी पहाट उगवली तरी पेपरात बातमी येते.

तरी मोबाईलवर बघितलेलं खोटं नाही. हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी उंचीवर, उन्हाच्या पट्ट्यात येणारी एचआरएमएन-99 ही जात वाढवली. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ॲना आणि डॉर्सेट गोल्डन याही कमी थंडीत भागवणाऱ्या जाती आहेत. हौस म्हणून मीही चार रोपं लावली. दोन पहिल्याच पावसाळ्यात मुळं कुजून गेली, कारण आमच्या तांबड्या मातीत खड्डा केला की तो जुलैत विहीर होतो. उरलेल्यांपैकी एकाला तिसऱ्या वर्षी अकरा फळं धरली. ही फळं तयार होतात जूनच्या सुमाराला, आणि जूनमध्ये आमच्याकडे मिरग बरसत असतो. पाच फळमाशीने नेली, चार माकडांनी, दोन आम्ही खाल्ली. चव आंबटगोड, बरी होती. परसात दोन झाडं लावायला माझी ना नाही. आंबा तोडून सफरचंदाचा प्लॉट करायचा असेल तर मला फोन करू नका.

पिढ्यान्‌पिढ्यांची सफरचंदाची बाग म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर शिमल्याच्या पुढचं कोटगढ बघावं. अमेरिकेहून आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी 1916 मध्ये तिथे अमेरिकेतल्या डेलिशस जातीची रोपं लावली. त्या पट्ट्यात आज नातवंडं-पतवंडं बागा बघतात. दुखणं मात्र आपल्यासारखंच. पणजोबांची झाडं उंच आणि म्हातारी झालीत, ती काढून बुटक्या खुंटावरची (ज्या बुडावर कलम बांधतात तो खुंट) नवी लावावीत की नाही, यावर तिथल्याही घराघरांत वाद आहेत. फळ वेगळं, भांडण तेच.

आजोबांची झाडं आता फळ देत नाहीत. तोडून नवी लावायची का?

तोडायच्या आधी झाडाखाली उभं राहून वर बघा. आकाश दिसत नसेल तर झाड म्हातारं झालेलं नाही, ते गुदमरलंय. आजोबांनी दहा-दहा मीटरवर म्हणजे एकरी चाळीस झाडं लावली. साठ-पासष्ट वर्षांत फांद्या एकमेकींत शिरल्या, ऊन फक्त शेंड्याला, म्हणून मोहोर शेंड्याला आणि फळही शेंड्याला. ते उतरवायला माणूस मिळत नाही. मग आपण म्हणतो, झाड फळ देत नाही.

आम्ही जे केलं ते सांगतो. पाऊस संपून वाफसा आला की, दिवाळीच्या पुढे-मागे, झाड चार-साडेचार मीटरवर उतरवायचं. चारी दिशांच्या तीन-चार मोठ्या फांद्या ठेवायच्या, मधली उभी फांदी काढायची. फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, नाहीतर वजनाने साल खोडापर्यंत सोलत येते. आमच्या पहिल्या झाडाची अशीच सोलली, ती जखम अजून दिसते. कापलेल्या प्रत्येक तोंडाला त्याच दिवशी बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याची) पेस्ट लावायची. फाल्गुनापर्यंत फुटव्यांची झुंबड उडते, त्यातले प्रत्येक फांदीवर आठ-दहा चांगले, बाहेरच्या अंगाचे ठेवायचे, बाकीचे मोडायचे. लोक नेमकं हेच काम टाळतात, आणि दोन वर्षांनी झाड पुन्हा झुडूप होतं. फळ धरायला दोन ते तीन वर्षं जातात.

या दोन-तीन वर्षांत खोडाकडे लक्ष ठेवा. एकदम ऊन पडल्यामुळे साल भाजते आणि भिरूड शिरतो. खोडाच्या बुडाशी लाकडाचा भुसा दिसला की तार घेऊन बसायचं, भोक शोधायचं, अळी ओढून काढायची. आणि सगळी बाग एका वर्षी छाटू नका. आम्ही सत्तर झाडांचे तीन भाग केले. पहिल्या वर्षी तेवीस झाडं बोडकी केली तेव्हा आत्या माहेरपणाला आल्या होत्या. बांधावर उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत, चहाही न घेता घरात गेल्या. चौथ्या वर्षी त्याच झाडांचे आंबे शिडी न लावता झेल्याने काढले तेव्हा म्हणाल्या, "तुझ्या आजानं बघितलं असतं तर तुला मारलं असतं. पण आंबा बरा आलाय की."

खोड पोकळ असेल, अर्धं झाड वाळलं असेल, बांडगुळाने खाल्लं असेल तर मात्र काढा. दरवर्षी दोन-तीन काढायची आणि तेवढीच लावायची. वडिलांच्या काळात वीसेक वर्षं एकही नवं झाड लागलं नाही, कारण बाग भरात होती. ती वीस वर्षं आता माझ्या हिशेबात वजा दिसतात. आणि तोडण्याआधी, विशेषतः फणस, साग, शिसव असेल तर, वनखात्यात विचारून परवानगीचं बघून घ्या. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी.

रायवळ काढून सगळा हापूसच का ठेवू नये?

हापूसला स्वतःच्या परागाने फळ नीट धरत नाही, मधे दुसऱ्या जातीची झाडं लागतात. आजोबांना कुणी हे शिकवलं नव्हतं, तरी त्यांनी दर सात-आठ हापूसांमागे एक पायरी किंवा रायवळ लावलेला आहे. काकांनी एकदा बांधावरचे पाच रायवळ विकले, फळीला चांगला भाव आला म्हणून. त्यानंतर त्या बाजूचे हापूस कमीच धरतात. सगळा दोष त्या पाच झाडांचाच असं छातीवर हात ठेवून म्हणत नाही, पण मी तिथे पुन्हा रायवळ लावलाय.

शिवाय आमच्याकडच्या रायवळांना नावं आहेत. खोबऱ्या, शेप्या, केळ्या. शेप्याला खरंच शेपूचा वास येतो. त्याचं रायतं दुसऱ्या कुठल्या आंब्याचं होत नाही.

कलमं कुठून घ्यावीत?

डोळ्यांनी बघून घ्यावीत, एवढंच सांगतो. मी एका रोपवाटिकेतून पंचवीस हापूस कलमं आणली, पावती होती, चिठ्ठी होती, सगळं होतं. सहाव्या वर्षी फळ आलं तेव्हा अकरा झाडं रायवळ निघाली, तीही आंबट ढोण. काय झालं होतं? वरची हापूसची काडी मेली होती आणि खालचा खुंट फुटून वर आला होता. तो मला तसाच विकला गेला, की माझ्याच बागेत पहिल्या उन्हाळ्यात काडी वाळली आणि मी खुंटाला पाणी घालत बसलो, ते आता सांगता येणार नाही. भांडायला गेलो नाही. सहा वर्षं गेल्यावर पैसे परत मिळाले तरी काय करणार होतो?

म्हणून कलम घेताना जोड बोटाने चाचपून बघा, घट्ट आणि एकजीव हवा. जोडाच्या खालून फुटवा असला तर खुडून टाका, आणि लावल्यावर पहिली दोन वर्षं दर महिन्याला खुडत राहा. ते अकरा मी पुढच्या वर्षी कापून, नव्या फुटव्यांवर घरच्याच चांगल्या हापूसच्या काड्या बांधून घेतल्या. आठ लागल्या. कोणत्या झाडाच्या काड्या घ्यायच्या हे कुठून कळलं, ते वहीच्या प्रश्नात येईल.

काजूचं काय? आंब्यापेक्षा काजू बरा का?

डोंगरउताराची, मुरमाड, पाणी नसलेली जमीन असेल तर हो, बरा. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेलं हे झाड घाट चढून आमच्या बांधावर आलं ते कुंपण म्हणूनच. आजोबांच्या वहीत काजूला ओळसुद्धा नाही. आज वर्षाचा रोख पैसा त्यातूनच येतो.

जुनी बियांची झाडं पसरतात फार, देतात कमी. नवी लावायची तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7, सात बाय सात मीटरवर, म्हणजे एकरी ऐंशीच्या आसपास. कलम तिसऱ्या वर्षी बी धरतं. पहिल्या दोन वर्षांतला मोहोर खुडायचा. जीव तुटतो, पण खुडायचा. डिसेंबर-जानेवारीत ढगाळ हवा आणि सकाळचं धुकं लागलं की ढेकण्या (रस शोषणारा किडा) येतो, कोवळी पालवी आणि मोहोर भाजल्यासारखा काळा पडतो. तेव्हा रोज फिरावं लागतं. आठवड्यातून एकदा गाडीतून येऊन जाणाऱ्याला ढेकण्या सापडत नाही, त्याचं नुकसान सापडतं.

बी खाली पडेल तशी वेचायची, काठीने झोडायची नाही. बोंड पिरगाळून काढायचं आणि बी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून मगच पोत्यात. ओली बी घेऊन गेलात तर व्यापारी दातात एक धरून बघतो आणि भाव पाडतो, बरोबरच करतो. आमची बी चंदगडच्या कारखान्यांकडे आणि बेळगावच्या व्यापाऱ्यांकडे जाते. सीमेच्या कुठल्या बाजूला भाव चांगला, हे त्या आठवड्यावर. बोंडांचं मात्र वाईट वाटतं. गोव्यात त्याचं हुर्राक आणि फेणी होते, आमच्याकडे ढीग कुजतो आणि गुरं त्यावर झिंगतात.

बाग सगळ्यांची, मग निर्णय कोणाचा? आणि हिशेब?

सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते हेच, कीड-रोग नंतर. मालकी चौघांची असू द्या, आठांची असू द्या. फवारणी कधी, झाड कुठलं काढायचं, माल कुणाला द्यायचा हे एका वेळी एकाच माणसाने ठरवायचं. तुडतुडे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सगळ्यांचा होकार येईपर्यंत थांबत नाहीत. पण त्या एका माणसाने प्रत्येक पैसा लिहायचा, आणि विचारेल त्याला दाखवायचा. एक वर्ष असं गेलं की चुलत भावाच्या कानावर कुणीतरी घातलं, बावीस क्रेट गोव्याला गेले त्याचे पैसे दिसत नाहीत. गेले होते खरे, पैसेही आले होते, त्यातून पंपाची मोटर भरून घेतली होती. मी लिहिलं नव्हतं एवढंच. दोन वर्षं तो गणपतीला आला नाही. मोटर भरायला साडेचार हजार लागले होते.

आता आमची पद्धत अशी: आलेल्या पैशातून आधी खर्च. मग बघणाऱ्याचा मेहनताना, महिन्याचा ठरलेला, गडी ठेवला असता तर जेवढा द्यावा लागला असता त्यापेक्षा थोडा जास्त. तो घ्यायला लाजायचं नाही आणि द्यायला कुरकुरायचं नाही. मग उरलेल्याचा दहावा भाग बागेचा, नवी झाडं आणि कुंपण यासाठी, वेगळ्या खात्यात. त्यानंतर जे राहील ते हिश्श्याप्रमाणे. काही वर्षी हिश्श्याला पेटीभर आंबेच येतात. ते लिहिलेलं असलं की कुणी बोलत नाही.

आता वही. आजोबांची वही लाल कापडी बांधणीची, उभी, मोडीतली. वडिलांना मोडी वाचता यायची, मला येत नाही. बेळगावात एका वृद्ध मास्तरांकडून ती तीन महिने बसून उतरवून घेतली. त्यात देणी-घेणी कमी आणि झाडंच जास्त. प्रत्येक झाडाला ओळीचा आणि नगाचा आकडा, आणि समोर दोन-चार शब्द. ‘ओढ्याकडील तिसरा, मोहोर उशिरा, फळ मोठे, साका नाही.’ साका म्हणजे हापूसच्या आत पांढरा, स्पंजासारखा, बेचव गर होतो तो. वरून कळत नाही, कापल्यावरच दिसतो, आणि एका पेटीत चार निघाले की गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येत नाही. ओढ्याकडच्या तिसऱ्याला अजूनही साका फारसा होत नाही. त्या अकरा खुंटांवर मी त्याच्याच काड्या बांधल्या.

वाटणी कागदोपत्री कशी करावी?

भांडण व्हायच्या आधी करावी. कायद्याचं मला जेवढं भोगून कळलंय तेवढं सांगतो, बाकी वकिलाला विचारा.

माणूस गेला की पहिलं काम वारसांची नावं लावणं, ज्याला इथे पौती खातं म्हणतात. नाडकचेरीत मृत्यूचा दाखला, वंशवृक्ष आणि अर्ज. लोक हेच करत नाहीत. आमच्या शेजारच्या सर्व्हे नंबरावर 1970 च्या दशकात गेलेल्या माणसाचं नाव अजून आहे, आणि आता त्याचे वारस सव्वीस. जमिनीचे तुकडे करून वाटायचे तर भूमापन खात्याकडून 11-ई नकाशा लागतो, त्याशिवाय तुकड्याची नोंदणी होत नाही. पुढे पोडी (मोजून जमिनीचे वेगळे हिस्से पाडणं) होऊन हिस्सा नंबर पडतात. यात महिने जातात, धीर धरा.

मुलींचा हक्क: "आमच्या आक्कानं सोडलंय की" हे तोंडी चालत नाही. कर्नाटकाने 1994 मध्येच लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला होता. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर सगळ्याच मुलींना मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. वडील त्या तारखेला हयात हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला मिटवला. हयात असण्याची अट नाही. बहिणीला खरंच नको असेल तर नोंदणी केलेलं हक्कसोड पत्र करा. आणि तिला हवं असेल तर द्या. आमच्या आत्यांनी हिस्सा घेतला, बाग मात्र एकत्रच ठेवली. छाटणीच्या वेळी चहा न घेण्याचा अधिकार त्यांना तिथूनच आला.

जमीन एकाला आणि झाडं दुसऱ्याला अशी जुन्या वाटण्यांतली रीत मात्र मोडून काढा. जमीनवाला मुळाशी नांगर घालतो, झाडवाला सावली वाढवतो. एका फणसावरून दोन घरं पंचवीस वर्षं बोलत नाहीत हे मी बघतोय.

उतारे सगळे कन्नडमध्ये. आम्हाला वाचता येत नाही. काय करायचं?

शिका. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नवी झाली आणि हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याबद्दल मला काय वाटतं ते घरच्यांना माहीत आहे. पण पहाणीपत्रक, ज्याला इथे सगळे आरटीसी म्हणतात, ते आज कन्नडमध्येच निघतं आणि मी रागावलो म्हणून त्यातली चूक सुधारत नाही. आमच्या उताऱ्यावर कित्येक वर्षं आंब्याऐवजी भात लागलेलं होतं. आम्हाला कुणाला ते दिसलंच नाही. मुलीने चौथीत शिकलेल्या कन्नडवर वाचून दाखवलं. नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, पिकाचा रकाना, बोजा: एवढे सहा शब्द ओळखता आले तरी पुष्कळ. दरवर्षी एक प्रत काढून वहीत लावा.

आमच्या घरात जमिनीचे कागद तीन लिप्यांत आहेत. मोडी, बाळबोध, कन्नड. तिन्ही एका ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या घालून.

बाग मक्त्याने द्यावी का? मोहोर बघून व्यापारी पैसे आधी देतो.

घरात लग्न आहे, दवाखाना आहे, बघायला कुणीच नाही, तर एखाद्या वर्षी द्या. सवय लावून घेऊ नका. मक्तेदाराला यंदाचा आंबा हवा असतो, झाड नको असतं. हापूस मुळात वर्षाआड फळणारा. दरवर्षी फळवण्यासाठी पावसाळ्यात बुंध्याला कल्टार (वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) घालतात. मापात घातलं, शेणखत-पाणी दिलं तर झाड सोसतं. मापाबाहेर वर्षानुवर्षं घातलं की पालवी आखूड गुच्छासारखी येते आणि झाड बसतं. द्यायचीच तर कागद करा, कल्टार कोण, किती आणि कशाच्या पावतीवर घालणार ते त्यात लिहा, आणि फांद्या तोडून आंबे काढायचे नाहीत हेही.

जनावरांचं काय करता?

गवे येतात, रानडुकरं येतात, माकडं तर राहतातच. बाजूला भीमगडचं अभयारण्य आहे, ती त्यांची वाट आहे. सौर कुंपण गव्याला पुरतं, डुकराला खालची तार जमिनीलगत हवी, माकडाला काहीच पुरत नाही. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून वनखात्यात अर्ज द्या, पंचनाम्याशिवाय भरपाई नाही. तारेत घरची लाईट सोडणं गुन्हा आहे, आणि त्यात माणसंच मरतात.

आंबा पिकवायला पावडर वापरता का?

नाही. कार्बाइडवर बंदी आहे. चौदा आणे तयार झालेला आंबा देठासकट काढायचा, चीक गळू द्यायचा, भाताच्या पेंढ्यात अढी घालायची. आठ-दहा दिवस.

एवढा व्याप कशाला? विकून मोकळं व्हावं का?

2020 मध्ये कर्नाटकाने जमीन सुधारणा कायदा बदलला, तेव्हापासून शेतकरी नसलेल्यालाही इथे शेतजमीन घेता येते. त्यानंतर जांबोटी-चोर्ला पट्ट्यात गाड्या थांबून भाव विचारायला लागल्या. आकडा ऐकला की खरंच घशाला कोरड पडते. विकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. ज्यांचं कर्ज फिटलं, ज्यांची मुलगी डॉक्टर झाली, त्यांनी काय चूक केली? फक्त बागेच्या दोन वाईट वर्षांवरून ठरवू नका, दहा वर्षांची वही काढून ठरवा. आमची काढली तेव्हा दहात तीन वर्षं तोट्याची, पाच बेताची, दोन अशी की त्यात घराची कौलं बदलून झाली. आम्ही नाही विकली. पुढचे विकतील कदाचित.

मुलांना रस नाही. पुढे कोण बघणार?

मलाही नव्हता. मी बेळगावात कारखान्यात टर्नर होतो, वडिलांच्या गुडघ्यांमुळे आलो. मुलांना रस लावायचा म्हणून सुट्टीत काजू वेचायला लावतात, दुपारच्या उन्हात, फुकट. मग रस कसा येईल? पुतण्या नववीत असताना मी त्याला पाच झाडं तोडून दिली. म्हणजे तोडली नाहीत, हिशेबाने तोडून दिली. त्यांचा खर्च त्याचा, आंबे त्याचे. पहिल्या वर्षी त्याने भुरीचं औषध उशिरा मारलं आणि सगळा मोहोर घालवला. मी काही बोललो नाही, जड गेलं. आता तो बेंगळुरूला संगणकाचं काम करतो, पण जानेवारीत फोन करून विचारतो, "काका, माझ्या पाचांना मोहोर कसा आहे?" बाकीच्या पंचाण्णवांबद्दल विचारत नाही. माझ्या मुलीने कृषी पदविकेला नाव घातलंय. ती बघेल की नाही ते मी तिला विचारलेलं नाही.

बाहेरगावी राहून बाग चालवता येईल का?

काजूची, पगारी माणूस ठेवून, कशीबशी. हापूसची नाही. डिसेंबर ते मे कुणीतरी घरातलं इथे झोपायला हवं.

आम्ही बाग बघायला येऊ का?

या की. एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य बरा, आमचा हापूस रत्नागिरीच्या मागून येतो. आधी फोन करा, दुपारी एक ते तीन येऊ नका, तेव्हा सगळे झोपलेले असतात. पांढरे कपडे घालू नका, बोंडाचा डाग जात नाही. ओल्या बीचा चीक हाताला लागला तर आधी खोबरेल तेल लावा, मग धुवा, आणि तोवर तोंडाला हात लावू नका. गेटला कडी आहे, ती आतून हात घालून निघते. जाताना लावून घ्या, गवे नाहीत तर शेजाऱ्याच्या म्हशी येतात.